एका हाताचा नियम

माझ्या नाकावर राग असतो, हे जालन्याच्या मस्तगडात सगळ्यांना ठाऊक हाये. त्यामुळं सांगता सांगता कोणाला चार शब्द लागले तर मनावर घ्यायचं न्हाई. सांगायचं हाये फकरूचाचांबद्दल. फकरोद्दीन पिंजारी. आमच्या मागच्या गल्लीत घर, खांद्यावर पुरुषभर उंचीची कमान, हातात लाकडी दस्ता. गल्लीत शिरले की हाळी द्यायची न्हाई, कमानीची तात एकदा छेडायची. तात म्हंजे कमानीला ताणून बांधलेली दोरी. तिच्यावर दस्ता मारला की ती थरथरते आणि गठ्ठा झालेला कापूस फुलून मोकळा होतो. तो आवाज आला की बायका जुन्या गाद्या ओढत गच्चीवर न्यायच्या.

चाचांची बायको लवकर गेल्ती. घरात ते आणि लेक शहाजादी. त्यांच्या घराण्यात लेकीच्या लग्नाची रजई बाप स्वतः पिंजून भरतो. दुसऱ्याच्या हातची चालत न्हाई. जालन्यातल्या निम्म्या घरांच्या गाद्या भरल्या बेबीताई, ते म्हणायचे, आता ही एक रजई भरली की म्या मोकळा.

आता आमच्या ह्यांच्याकडं येते. आमचे हे, भुजंगराव, बियाण्याच्या कंपनीत. शहाण्णव साली कंपनीनं दोन महिने हैदराबादला ट्रेनिंगला पाठवलं. लोक हैदराबादहून मोती आणतात, बांगड्या आणतात. ह्यांनी आणलं झेरॉक्स केलेलं इंग्रजी बाड. कशाचं, तर खेळाचं. मी कपाळावर हात मारून घेतला.

खेळ असा की एकानं गोष्ट चालवायची आणि बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. तू सरदार, समोर दरी हाये, काय करतोस? उडी मारतो. मंग उडी जमली का न्हाई ते फासा ठरवणार. त्याला म्हणे वीस तोंडांचा फासा लागतो. जालन्यात तो कुठून मिळणार? ह्यांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. मोठा आकडा निघाला की काम फत्ते, लहान निघाला की फसलं. खेळाला आम्ही नाव दिलं मोहीम. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की सतरंजीवर मोहीम सुरू.

गोष्ट चालवायचे हे. सरदार होते मच्छिंद्रभाऊ, ह्यांचे मित्र, जुन्या जालन्यात कापडाचं दुकान. मी आपली चहा देणारी. चौथ्या रविवारी सरदार एका कुलूपबंद घरापुढं तासभर उभा. मी म्हटलं, त्या घराला खिडकी न्हाई का? दोघं एकमेकांकडं बघून राह्यले. तेव्हापासून मी मोहिमेतली चोर.

त्या हिवाळ्यात आमच्या गाद्या पिंजायला निघाल्या. चाचा वर गच्चीवर, आम्ही खाली खोलीत. सरदाराला बर्फाच्या डोंगरावर जायचं होतं, म्हणून त्याला जादूचं पांघरूण बनवायचं होतं. बाडातला नियम सरळ होता. इतकं सोनं, इतके दिवस, आणि एक चिठ्ठी. मच्छिंद्रभाऊंनी चिठ्ठी काढली तर निघाला तीन.

“सगळं नष्ट,” हे म्हणाले. “कापड, लोकर, सोनं, सगळं.”

“नष्ट म्हंजे? कुठं गेलं?”

दारात चाचा उभे होते. पाणी प्यायला खाली आल्ते, भुवयांवर कापूस.

“खेळ आहे चाचा,” हे म्हणाले. “जादू फसली की माल नष्ट होतो, असा नियम आहे.”

“बिलकुल गलत,” चाचा म्हणाले. “असं लिहिणाऱ्यानं जिंदगीत कधी उशी तरी भरली का? रजई बिघडली तर तिची गादी होती. गादी बिघडली तर उश्या होत्या. उशी बिघडली तर डोक्यावर घागर ठेवायला चुंबळ होती. नष्ट कसं काय होईल साहेब?”

आमच्या ह्यांना नियमाबाहेर बोललेलं खपत न्हाई. लग्नात सप्तपदीची पावलं मोजत होते हे, सहाच झाली म्हणून गुरुजींशी वाद घातला. तसलंच त्यांचं तोंड झालं. पण मच्छिंद्रभाऊ अडून बसले की चाचा बरोबर बोलून राह्यले, मला माझी चुंबळ पाहिजे. शेवटी सरदाराला जादूची चुंबळ मिळाली, जिच्यावर ठेवलेलं काहीही सांडत न्हाई. तीच पुढं कामाला आली. विषाच्या तळ्यातून डोक्यावर दिवा घेऊन सरदार बरोबर पलीकडं गेला, आणि तीन रविवार मच्छिंद्रभाऊ दुकानात गिऱ्हाइकाला हेच सांगत बसले.

पुढच्या रविवारी चाचा धुतलेला पांढरा सदरा घालून आले. कमान न्हाई, दस्ता न्हाई. “आज काय बनवायचं हाये?” म्हणून सतरंजीवर बसले. असे ते मोहिमेतले उस्ताद झाले. लढायचं न्हाई, पळायचं न्हाई, फक्त वस्तू बनवायच्या. ह्यांनी बाडातलं वस्तू बनवण्याचं प्रकरण बाजूला ठेवलं आणि दोनशे पानी वही काढली. चाचा सांगणार, हे लिहिणार.

काय एकेक नियम. जुना माल वापरायचा तर आधी तीन दिवस उन्हात टाकायचा, न्हाई तर आधीच्या मालकाची भीती नव्या वस्तूत उतरती. माझ्या चोरानं घाईत एका मेलेल्या राजाच्या हत्तीच्या झुलीचा अंगरखा शिवून घेतला, ऊन न दाखवता, तर तो अंगावर घातला की माझी चोर उंदराला भ्यायला लागली. नाव ठरवल्याबिगर वस्तूला हात लावायचा न्हाई. “कोणासाठी, हे आधी. म्हाताऱ्याला घट्ट लागती, बाळंतिणीला नरम लागती. कोणासाठीच न्हाई अशी वस्तू कोणाच्याच कामाची न्हाई.” त्यामुळं आमच्या मोहिमेत जादूची तलवार बाजारात विकत मिळायची न्हाई. जिच्यावर ज्याचं नाव, त्याच्याच हातात ती चालायची.

आणि सगळ्यात कडक नियम एका हाताचा. ज्या हातानं वस्तू सुरू केली, त्याच हातानं ती पुरी व्हायला पाहिजे. मधी हात बदलला की जादू अर्धी. सरदाराची ढाल बनवणारा लोहार अर्ध्यातच मेला. दुसऱ्या लोहारानं ती पुरी केली, तर ती फक्त उजवीकडचा वार अडवायची. मच्छिंद्रभाऊंनी हातापाया पडून बघितलं, पण चाचा हलले न्हाईत.

तीन वर्षं असे रविवार गेले. मधल्या काळात गावात पिंजायची मशीन आली, फोमच्या गाद्या आल्या. चाचांचं काम कमी झालं, पण माणूस कुढला न्हाई. “दुनियेला जल्दी हाये ताई, मला न्हाई,” म्हणायचे आणि दुसरा कप चहा घ्यायचे. मला त्यांचा हेवा वाटायचा. आमच्याकडं गॅस संपला तरी मी घर डोक्यावर घेते.

नव्याण्णवच्या दिवाळीत शहाजादीचं जमलं. मुलगा बदनापूरचा, सायकल दुरुस्तीचं दुकान, माणसं चांगली. निकाह रमजान ईदनंतर, जानेवारीत. आणि त्याच दिवाळीच्या महिन्यात चाचांच्या छातीनं दगा दिला. चाळीस वर्षांची कापसाची धूळ. डॉक्टरांनी सांगितलं की कमान आता हातात धरायची न्हाई, कापसाजवळ बसायचंसुद्धा न्हाई.

चाचा माझ्या स्वयंपाकघराच्या दारात बसून म्हणाले, “बाकी सगळं सोडतो. तेवढी रजई होऊ द्या.”

“आणि रजई भरता भरता काही झालं म्हंजे?”

“मंग तेवढी रजई तर होईल.”

मला इतका राग आला की मी दूध उतू जाऊ दिलं. आणि रागात मी जे करते तेच केलं. नसता उद्योग. गावातल्या एका मशीनवाल्याकडून उत्तम कापूस पिंजून घेतला, मच्छिंद्रभाऊंच्या दुकानातून हिरव्या साटीनची खोळ शिवून आणली, रजई भरून घेतली आणि चाचांच्या घरी नेऊन ठेवली. वर थाप मारली की भोकरदनचा एक म्हातारा पिंजारी हाये, त्यानं हातानं पिंजलीये, तुमच्यासारखाच कारागीर हाये.

चाचांनी रजईवर पंजा ठेवला. दाबला न्हाई, नुसता ठेवला. मंग म्हणाले, “ताई, हिच्यात कोणाचाच हात न्हाई.”

माझं तोंड पार उतरलं. शहाजादी चूल फुंकत होती, तिनं मान वर केली न्हाई. मी चिडून बोलले, “मशीनची तर मशीनची. तुमच्या नियमापायी जीव द्यायचा का? तो नियम खेळातला हाये.”

“खेळापायी न्हाई सांगितला म्या,” ते म्हणाले. “असंच हाये, म्हणून सांगितला.” त्यांनी रजईची नीट घडी घातली आणि माझ्या हातात दिली. “तुमच्या घरी वापरा. चांगली हाये. फक्त माझी न्हाई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या गल्लीतून तातीचा आवाज आला. मी पोळ्या लाटत होते. पाच-दहा मिन्टं आवाज चालला आणि बंद झाला. मी लाटणं टाकून पळाले. चाचा भिंतीला टेकून बसलेले, ओठ निळे, आणि शहाजादी त्यांची पाठ चोळून राह्यलेली. तीन दिवस दवाखान्यात काढले. खोटं बोलून मी त्यांना डिवचलं नसतं तर ते घाईनं कमानीला बसलेच नसते, हे मला तेव्हा कळत होतं आणि आजही कळतं.

बरे झाल्यावर रविवारी आले, पण एकटे न्हाई. शहाजादी हाताला धरून घेऊन आल्ती. ती कधी मोहिमेला बसली न्हाई, त्या दिवशीही उंबऱ्याजवळच बसली. घरी बापलेक आपसात उर्दू बोलायचे, आमच्यापुढं मात्र मराठीच.

आमच्या ह्यांना दुसऱ्याचं सांत्वन करता येत न्हाई. माझे वडील गेले तेव्हा मला त्यांनी एस.टी.चं वेळापत्रक वाचून दाखवलं. त्यांनी सरळ वही उघडली आणि गोष्ट सुरू केली. “उस्तादांचा दम गेला आहे. राजकन्येचं पांघरूण अर्धं झालं आहे. बर्फाचं वादळ ईदनंतर येणार. उस्ताद, काय करता?”

मी डोळे वटारले. असं कोणी विचारतं का? पण चाचांनी प्रश्न खरा धरला.

“हात बदलला तर अर्धी,” ते म्हणाले. “म्या सरदाराला सूट दिली न्हाई, मला कशी घेऊ? पांघरूण होत न्हाई, भुजंगराव. लिहून टाका.”

ह्यांनी पेन उघडलं, पण लिहीनात. मच्छिंद्रभाऊ उगाच डबा हलवून चिठ्ठ्या खाली-वर करत बसले. तेव्हा उंबऱ्यावरून शहाजादी बोलली.

“अब्बा, तुम्हाला पिंजायला कोणी शिकवलं?”

“माझ्या बापानं.”

“मंग त्यांचा हात तुमच्या हातात आला का न्हाई?”

“आला म्हंजे? त्यांचाच हाये हा.”

“मंग हात बदलला कधी?”

चाचा म्हणाले, “तू तात कधी धरलीस बेटा, की तुझ्यात हात येईल? पोरी खोळी शिवतात. कमान पोरी धरत न्हाईत आपल्यात.”

शहाजादीनं खाली बघितलं. मंग हळूहळू सगळं बाहेर आलं. चाचा फेरीला गेले की ती दार लावून कमान घ्यायची. लहानी कमान घरीच असायची, उश्यांच्या कामाची. बारा-तेरा वर्षांची असल्यापासून. आधी गंमत म्हणून. पण दोन वर्षांपासून, चाचांचा दम कमी पडायला लागला तसं, त्यांनी घरी आणून पिंजलेल्या कापसात गाठी राहायला लागल्या. त्यांना कळायचं न्हाई. तिला खोळीत भरताना हाताला लागायच्या. मंग ते बाहेर गेले की ती तो कापूस पुन्हा पिंजायची आणि मंगच भरायची.

“किती?” चाचांनी विचारलं.

“दोन वर्षांतल्या सगळ्याच, अब्बा.”

माझ्या मशीनच्या रजईवर नुसता पंजा ठेवून ज्या माणसानं ओळखलं होतं, त्यानं दोन वर्षं लेकीनं पिंजलेल्या गाद्या स्वतः दाबून बघून, आपल्याच समजून लोकांना दिल्त्या. मला वाटलं आता म्हातारा कोसळतो. ते उठले आणि एवढंच म्हणाले, “पुढच्या रविवारी. बेबीताईंच्या गच्चीवर. मोठ्या कमानीनं. म्या ऐकणार.”

रोजे सुरू व्हायच्या आधीचा तो रविवार. शहाजादी नाकातोंडाला ओढणी गुंडाळून गच्चीवर, मी तिच्याजवळ. धूळ लागू नये म्हणून चाचांना हे आणि मच्छिंद्रभाऊ खाली गल्लीत, समोरच्या ओट्यावर घेऊन बसले. मोठी कमान पोरीपेक्षा वीतभर उंच होती. पहिला दस्ता बसला तो चुकार. दुसराही तसलाच. मी मनात देवाचं नाव घेतलं. मंग तिनं पाय रोवले आणि तात बोलायला लागली.

थोड्या वेळानं खालून आवाज आला, “डावीकडं गाठ हाये.”

“तिकडंच येऊन राह्यले अब्बा,” ती वरून म्हणाली.

त्यानंतर खालून काहीच आलं न्हाई. मी कठड्यावरून वाकून बघितलं. चाचा गुडघ्यांवर हात ठेवून, डोळे मिटून बसलेले. आमचे हे वही मांडीवर घेऊन. आणि तेवढ्यात ओट्यामागचं दार उघडून द्वारकाबाई बाहेर आल्या. सत्तरीच्या बाई, चाचांचं तीस वर्षांचं गिऱ्हाईक. काखेत गादीची वळकटी. ओट्यावर कोण बसलंय हे बघितलंच न्हाई. मान वर करून आमच्या गच्चीकडं ओरडल्या, “फकरूभाई, बरं झालं आलात. डॉक्टरांनी मना केलं म्हणून ऐकलं होतं. माझी पण आजच घ्या, कंबर मोडून राह्यली माझी.”

वर तात थांबली. शहाजादी माझ्याकडं बघायला लागली. मी तिला हातानं खूण केली, चालू ठेव.

खाली चाचा उठले. “बाई,” ते म्हणाले, “म्या इथं हाये.”

द्वारकाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं, मंग गच्चीकडं, मंग पुन्हा त्यांच्याकडं. “मंग वर कोण पिंजून राह्यलं?”

चाचांच्या डोळ्यांतून पाणी चालू झालं आणि ते पुसायचंही त्यांना सुधरेना. मच्छिंद्रभाऊंनी त्यांना धरून पुन्हा ओट्यावर बसवलं. आमच्या ह्यांनी वहीत लिहिलं, “शिकवलेला हात तोच हात,” आणि वाचून दाखवलं. चाचांनी मान हलवली. मंग म्हणाले, “शिकवलेला न्हाई. म्या कुठं शिकवलं? नुसतं ‘आलेला’ लिहा.” ह्यांनी तीन वर्षांत पहिल्यांदाच एक शब्द खोडला.

रजई आठ दिवसांत झाली. कापूस चाचांनी निवडला, दुरून. पिंजणं शहाजादीचं. टाके दोघांचे, समोरासमोर बसून, कारण खोळ शिवल्यावर धूळ उडत न्हाई. गुलाबी साटीन, कडेला हिरवी पट्टी. मी हात लावून बघितला, आणि आमच्या घरातली मशीनची रजई मला त्या दिवसापासून टोचायला लागली.

निकाहच्या दिवशी मस्तगडातली अर्धी माणसं मांडवात होती. बदनापूरच्या बायका सामान बघायला बसल्या. शहाजादीच्या सासूनं रजईवर हात फिरवला आणि मोठ्यानं विचारलं की ही बापानं भरली ना? शहाजादी “हां” म्हणणार तेवढ्यात पुरुषांच्या बाजूनं चाचा उठले. छाती साथ देत न्हाई, तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. “म्या न्हाई. माझ्या लेकीनं पिंजली. मला जमली नसती.” मांडवात कुजबुज झाली. मी मनात म्हटलं, आता ह्या सासूनं तोंड वाकडं केलं तर माझ्याशी गाठ हाये. पण ती बाई रजईकडं बघून म्हणाली, आमच्या घरातल्या गाद्याही फार बसल्यात.

निरोपाची वेळ आली. जीपमध्ये माणसं, मागं पेटी, भांडी, आणि वर बांधलेली रजई. सगळी रडून राह्यलेली, मीही. तेवढ्यात चाचा घरात गेले आणि मोठी कमान घेऊन बाहेर आले. ड्रायव्हर म्हणाला, चाचा, जागा न्हाई, एवढी लांब दांडी कुठं बसवू? आधीच रजईनं टप भरलाय. एक काहीतरी ठेवा.

चाचांनी कमान त्याच्या हातात दिली.

“रजई उतरव,” ते म्हणाले.